कडेचा खडू

आईच्या साठीनिमित्त धाकटीने कॉम्प्युटरवर आल्बम सजवला. जुन्या फोटोंच्या कडांना शाईची रुंद काळपट छटा दिली, वर खडूची धूळ भुरभुरवली. एकदा बटण दाबलं की साठच्या साठ फोटोंना सारखीच कड! पहिल्याच फोटोत आईचं कोपर शाईत बुडालेलं तिला दिसलं होतं. पण कोपरच तर आहे, म्हणत तिने बाकीचे उघडूनसुद्धा पाहिले नव्हते. छापून आलेला आल्बम आई मांडीवर घेऊन बसली. बाबा, मावश्या, लेकी, सगळे ठसठशीत. पहिला फोटो सोडला तर आई मात्र कुठेच नव्हती. "तुम्ही व्हा मध्ये, मी राहते कडेला," असं ती प्रत्येक फोटोआधी म्हणायची, ते आता आठवून धाकटीची मान वर होईना. "कडा छान रंगवल्यास हो," आई म्हणाली आणि अंगठा ओला करून पानाची कड घासू लागली. "हा खडू पुसता येतो का गं?"