लोवेलचं साल

त्रेचाळीस जणांनी मिळून लिहिलेल्या त्या मुक्त (ओपन सोर्स) संगणक प्रोग्रॅमचा परवाना बदलायचा, तर त्रेचाळीस जणांची संमती हवी. तीन वर्षं विनवण्या करून मर्ल थकला होता. उरला फक्त लोवेल, आणि तो २०१५ सालीच वारलेला.

म्हणून भर दुपारी मर्लने लोवेलच्या बायकोला, त्याची वारस असलेल्या व्हर्नाला, डुलुथला फोन लावला.

"घे बाबा संमती," ती म्हणाली. "त्याचं नाव मात्र पुसू नकोस."

मर्लने यादीत लोवेलसमोर 'हो' लिहिलं. प्रोग्रॅमच्या फाईलच्या माथ्यावर लोवेलच्या कॉपीराइटचं शेवटचं साल, म्हणजे त्याने शेवटचं काही लिहिलं ते साल, कुणीतरी चालू वर्षाचं केलं होतं. ते आज तिसऱ्यांदा खोडून त्याने २०१५ केलं आणि कॉफीचा कप उचलला.

"बोलता बोलता टाइप काय करतोस रे? लोवेलचीच खोड! बायको बोलतेय, आणि हा आपला टकटक टकटक."

"मला वाटलं, आवाज तुझ्याकडचा आहे."

"माझ्याकडचा? मी गाडीत एकटी बसलेय."

मर्लच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात गार झालेली कॉफी.

टकटक थांबली. पडद्यावर लोवेलच्या नावापुढे पुन्हा चालू साल आलं होतं. आणि यादीत 'हो'च्या जागी 'नाही'.