मुखपृष्ठावरची वेणी

काचेपलीकडच्या खोलीत आपलाच मुलगा येऊन बसलेला दिसला, आणि संपादकांच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत न जाताच खाली आला. काच एकाच बाजूने आरपार दिसणारी होती. पलीकडे मत विचारायला बोलावलेल्या आठ पुरुषांना तिच्यात फक्त आपापली तोंडं दिसत. अलीकडच्या अंधारात संपादक आणि मासिकाची तरुण मालकीण त्यांचं बोलणं छोट्या स्पीकरवर ऐकत होते.

खरं तर तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. गटात कोणी नात्यातलं निघालं की त्या गटाचं मत धरत नाहीत, हा या कामातला साधा नियम. पण मालकीण शेजारीच होती, आणि आज त्यांची खुर्चीच पणाला लागली होती. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि मिठाची गुळणी धरावी तसे गप्प राहिले.

पुरुषांसाठीचं हे मासिक त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. आपला वाचक त्यांना तोंडपाठ होता. तिशीतला, बऱ्या पगाराचा, पोट नुकतंच सुटायला लागलेला आणि मनातून घाबरलेला. त्या भीतीवरच तर सगळा डोलारा उभा होता. दंड पिळदार करा, साहेबाच्या नजरेला नजर द्या, घड्याळ असं घाला की समोरच्याने बघत राहावं. पुरुषाला तो आहे तसा दाखवलात तर तो अंक खाली ठेवतो, असं ते नव्या लोकांना बजावत, आणि खप बघून कोणाची उलट बोलायची छाती होत नसे. आता मात्र खप उतरला होता. वडिलांमागे कारभार हाती घेतलेल्या मालकिणीचं म्हणणं, पुरुष बदललाय, आपणच मागे राहिलोय. संपादकांचं म्हणणं, पुरुष बोलण्यापुरता बदलतो. शेवटी दोन मुखपृष्ठं लोकांपुढे ठेवायची ठरलं. मालकिणीचं निवडलं गेलं, तर संपादकांनी मुकाट्याने घरी जायचं.

मासिकाचं नाव झाकून दोन्ही चित्रं भिंतीवर लावली होती. एकावर उघड्या अंगाचा, दंड फुगवलेला गडी. दुसऱ्यावर पलंगाच्या कडेला बसलेला बाप, त्याच्यासमोर पाठमोरी लहान मुलगी, आणि तो तिची वेणी घालतोय.

प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी या दुसऱ्या चित्राबद्दल काय वाटतं असं विचारलं मात्र, खोलीत हशा पिकला. एकाने विचारलं, याची बायको सोडून गेली की काय? एक टक्कल पडलेला म्हणाला, हातात बांगड्या तेवढ्या भरायच्या राहिल्या. सगळ्यांत मोठ्याने हसला तो संपादकांचा मुलगा. असला अंक टेबलावर दिसला तर ऑफिसातले लोक जगणं मुश्कील करतील, असंही तो म्हणाला. आठच्या आठ हात पिळदार दंडाच्या बाजूने वर गेले. संपादकांनी सुटकेचा श्वास सोडला. पोराने लाज राखली, असंच त्यांना वाटलं.

मालकिणीचा चेहरा उतरला. तुमचंच खरं झालं, पुढचा अंक तुमच्या मनासारखा काढा, असं ती हळू आवाजात म्हणाली. संपादक उठायला लागले, तशी तिने त्यांना थांबवलं. बाई आता पाणी आणायच्या निमित्ताने मुद्दाम बाहेर जाणार होत्या. विचारणारं कोणी नसताना लोक काय बोलतात, तेही ऐकायचं असतं.

बाई गेल्या. मग तो टक्कलवाला उठला आणि चित्राजवळ जाऊन चष्मा सारखा करत बघू लागला.

"केस धरलेत चुकीचे," तो म्हणाला. "पेड एवढे सैल सोडले, तर शाळेत पोचेपर्यंत वेणी सुटेल."

दुसरा तिथूनच म्हणाला, भांगही वाकडा आहे. तिसऱ्याचं म्हणणं, मुळात विंचरायचं ते खालून. वरून सुरुवात केली की गुंता घट्ट बसतो आणि पोरगी घर डोक्यावर घेते. बघता बघता सगळे चित्रापाशी गोळा झाले. उवांच्या फणीवरून तर दोघांची चांगलीच जुंपली. मालकीण काचेला नाक लावून हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले होते.

संपादक हसले नाहीत. त्यांच्या मुलाने तिघांच्या गळ्यातल्या ओळखपत्रांच्या फिती मागून घेतल्या आणि कसं करायचं ते दाखवू लागला. बोटं न बघता चालत होती. तिसरा पेड करंगळीत अडकवून ठेवायची ती रीत संपादकांनी ओळखली. ती त्यांची स्वतःची होती. नातीच्या वेण्या सूनबाई घालते, असं ते आजवर धरून चालले होते.

"कोणाकडून शिकलात?" टक्कलवाल्याने विचारलं.

"बाबांकडून."

आपल्या पोराने आपल्याकडून काही घेतलंय, हे संपादकांच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं. ते मालकिणीकडे वळले. ही माझी रीत आहे, हा माझा मुलगा आहे, असं अभिमानाने सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"म्हणजे त्यांनी शिकवलं असं नाही," स्पीकरमधून मुलाचा आवाज आला. "आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ते ताईची वेणी घालायचे. कोणी बघू नये म्हणून आतून कडी लावून. मी फटीतून बघायचो." त्याने फितींचं टोक घट्ट बांधलं. "मीही कडी लावूनच घालतो."