ळ नसलेली मशीन

"चपला बाहेर काढा! आत कॉम्प्युटर हाये!" प्रेमदास मास्तर आतूनच ओरडला, तेव्हा रूपरावांचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता आणि दोन्ही हातांत जडशीळ टाईपरायटर. त्यांनी पाय झटकून चप्पल काढली. ती थेट नालीत जाऊन पडली.

वर्ध्यात कॉम्प्युटर येऊन वर्षही झालं नव्हतं. मास्तरच्या खोलीत त्याला हार होता, उदबत्ती होती आणि पंखा होता. माणसं घामानं निथळत होती.

"मले मशीन बदलून पायजे," रूपराव म्हणाले. "हे ठेवून घ्या अन् त्याच्यावर लिहू द्या."

"काऊन? काय झालं हिले?"

"ळ नाई. तुटला."

मास्तर हसला. "अन् आपल्याकडं ळ लागते कोणाले, भाऊ? डोयाले डोया म्हणते, कायाले काया. बिना ळ चा अख्खा जन्म निंघून जाते माणसाचा."

ते खरंच होतं. रूपरावांचीही दोन वर्षं अशीच निघाली होती.

मशीन त्यांनी घेतलं ते अक्षरापायी. एकदा रजेच्या अर्जात त्यांनी 'पोट बिघडलं' लिहिलं, साहेबांनी 'बोट बुडाली' वाचलं आणि हळहळून आठ दिवसांची रजा दिली. तेव्हा कचेरीतले बंडूजी म्हणाले, एक जुना टाईपरायटर घेऊन टाका. टायपिंगच्या क्लासात शिकवणाऱ्या कोकिळाबाईंनी तो निवडून दिला. "ळ तुटला हाये, पण हात लई हलका हाये हिचा," असं म्हणून त्यांनी कळांवरून बोटं फिरवली. रूपराव मशीनकडे पाहतच नव्हते.

पुढच्याच महिन्यात कोकिळाबाई आर्वीला निघून गेल्या. रूपरावांचं जेवण तुटलं. वर्ध्याजवळच्या बोरगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मनकर्णा मावशी ताट वाढायची आणि तसंच उचलायची. आई गेल्यापासून हिनंच त्यांना वाढवलेलं. शेवटी एका रविवारी त्यांनी धीर करून पत्र टाईप केलं. ळ नव्हता, म्हणून 'प्रिय कोकिया'. मावशी देवळात निघाली होती, तिच्याच हाती ते पेटीत टाकायला दिलं.

आठव्या दिवशी उत्तर आलं. तेही टाईप केलेलं. खाली लिहिलं होतं, 'तुमची कोकिया.'

आपण नाइलाजानं ठेवलेलं नाव तिनं उचललं होतं! त्या दिवशी रूपराव तीन भाकरी जेवले. मग सायकल घेऊन उगाच जिनिंगकडे गेले. तिथं कापसाचे पुंजके हवेत तरंगत होते, खाली यायचं नावच घेत नव्हते. रूपरावांचंही तसंच झालं. त्या दिवसापासून त्यांचे पाय जमिनीला नीट टेकले नाहीत.

पत्रं येत राहिली. आली की ते मावशीला वाचून दाखवत. चष्मा फुटल्यापासून मावशीला अक्षर दिसत नव्हतं. ती पोथी ऐकावी तशी डोळे मिटून ऐकायची.

"पाकीट कुठं गेलं, मावशी?"

"चुलीत घातलं रे बाबू. लाकडं ओली होती."

"अन् बोटं काऊन निळी झाली तुही?"

"तुही मशीन पुसते ना रोज. त्या फितीचा रंग जाते का लवकर?"

रूपरावांना भरून यायचं. मावशीचा केवढा जीव त्या मशीनवर!

पण आता लग्नाचं विचारायचं होतं. निदान त्या एका पत्रात तरी बाईचं नाव अख्खं लिहावं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"हे डबडं घेऊन मी काय करू, पापड दाबू?" मास्तर म्हणाला. "एक पत्र लिहून घ्या, जा. फ्लॉपी कोणती लावू? एकीत अक्षर सुंदर येते, पण वेलांट्या उडून जाते. दुसरीत वेलांट्या राह्यते, पण मधातच इंग्रजीत भांडते."

"ळ कोणत्यात हाये?"

"दोन्हींत."

"मंग भांडणारी लावा."

दुपार गेली. कॉम्प्युटर सात वेळा भांडला. शेवटी करकरत कागद बाहेर आला आणि रूपरावांनी आयुष्यात पहिल्यांदा ते नाव छापलेलं पाहिलं. कोकिळा. ळ असा गोल, गुबगुबीत, दोन लाडू शेजारी ठेवल्यासारखा. घरी जाताना त्यांना रस्ताभर तोच दिसत होता. त्यामुळे बकरी दिसली नाही.

बकरी वाचली. मशीन कॅरिअरवरून पडलं. घरी येऊन त्यांनी गुपचूप ठोकून पाहिलं. सगळी अक्षरं ठीक होती, फक्त 'क' ओळ सोडून बोटभर वर उमटत होता. कोणालाच काही न सांगता त्यांनी मशीनवर फडकं टाकलं. मावशीला सांगितलं असतं तर तिनं जिवाला लावून घेतलं असतं. छापील पत्र तेवढं तिच्या हाती दिलं.

"पेटीत टाकजो, मावशी. लई महत्त्वाचं हाये."

"काय लिहिलं येवढं?"

"लग्नाचं इचारलं."

मावशीनं पत्र पिशवीत घातलं. मग पदरानं डोळे पुसत देवळात गेली.

चार दिवस रूपराव पुन्हा जेवले नाहीत. पाचव्या दिवशी मावशीनं ताटाशेजारी पत्र ठेवलं.

"आधी जेव."

"आधी वाचतो."

'रूपरावजी, तुमचं छापील पत्र भेटलं. लई चकचकीत हाये, पण त्यात तुम्ही दिसत नाई. आपली जुनी मशीनच बरी. लग्नाचं म्हणाल तर मले इचार करू द्या, अशी घाई बरी नाई. तवर दोन्ही येया जेवत जा. सकायच्या थंडीत गयाले मफलर बांधत जा. तुमची कोकिया.'

नाही म्हटलं नव्हतं! रूपराव पुन्हा तरंगू लागले. त्यांनी ताट ओढलं, घास घेतला आणि मग खालची ओळ वाचली.

'ता. क. तेवढी मशीन दुरुस्त करून घ्या. परवापासून क लई उड्या मारून राह्यला.'