संघ कोण फोडतंय?

सकाळच्या बातम्यांत अकराच्या अकरा नावं बरोबर होती. नुसती नावंच नाहीत, रचनासुद्धा. मागे तीन, मध्ये पाच, पुढे दोन.

प्रशिक्षकाने रिमोट गादीवर फेकला. राष्ट्रीय फुटबॉल संघाला ही रचना त्याने आजवर कधीच दिली नव्हती. संध्याकाळचा सामना हरला तर विश्वचषक गेला आणि याची नोकरीही गेली, हे पडद्यावरची क्रीडा पत्रकार हसतहसत सांगत होती.

सामन्याआधीच संघ फुटण्याची ही तिसरी खेप. पहिल्यांदा त्याने हॉटेलच्या वेटरवर संशय घेतला आणि मीठ मागतानासुद्धा कुजबुजायला लागला. मग मालिशवाल्याचा फोन काढून घेतला. आता ते दोघे बिचारे त्याला पाहिलं की रस्ता बदलत.

या खेपेला त्याने पक्का बंदोबस्त केला होता. फळ्यावर रेघ ओढली नाही, खेळाडूंना कळू दिलं नाही. पत्रकारांना सरावाच्या सुरुवातीला आत सोडावंच लागतं, तेवढा वेळ त्याने सगळ्यांना नुसतं पळवलं. मागे बचावाला खेळणाऱ्या तिन्ही सेंटर बॅकना सुस्तपणाबद्दल झापलं. कडेने चढाई करणारा डावा विंगर दमलेला दिसला, त्याला पाठीवर थोपटून बाळ झोपू देतं का विचारलं. उजव्याच्या वडिलांची ख्यालीखुशाली घेतली. मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकून सासूबाईंचा गुडघा कसा आहे विचारलं. कॅमेऱ्यांच्या हाती काही लागलं नाही म्हणून तो खूश होता.

सराव संपल्यावर रचना त्याने एकाच माणसाच्या कानात सांगितली. तो म्हणजे हा मेहुणा, संघाचा सहाय्यक. सापळा त्याच्यासाठीच होता. हल्ली फोन आला की स्वारी बाहेर जाऊन बोलायची.

दार वाजलं. मेहुणा दोन कप कॉफी घेऊन आत आला.

"बघितलंस?"

"बघितलं, भाऊजी. कमाल आहे."

"कमाल कसली? फक्त तुला सांगितलं होतं."

मेहुण्याने कप हळूच टेबलावर ठेवले. "म्हणजे मी फोडला?"

"मग काय भिंतींनी? फोनवर कोणाशी बोलतोस बाहेर जाऊन?"

"ताईशी. तुम्ही जेवता का, झोपता का, विचारते. तुम्हाला कळू देऊ नकोस म्हणते."

उत्तर फारच पटकन आलं. खरं बोलणारा जरा तरी अडखळतो, असं प्रशिक्षकाचं मत होतं.

"बॅग भर."

"अहो, संध्याकाळी सामना आहे. बदली खेळाडूंचं आपलं ठरलंय..."

"माझं मी बघेन."

मेहुणा दारात थांबला. "ताईला काय सांगू?"

"सांग काहीही. सांगायची सवय आहेच तुला."

हे बोलल्यावर त्याला वाईट वाटलं. पण घरात फितूर पाळण्यापेक्षा बायकोचा अबोला परवडला, अशी त्याने मनाची समजूत घातली.

खाली लॉबीत तीच पत्रकार सोफ्यावर बसली होती.

"बाई, तुमचं दुकान बंद," तो म्हणाला. "तुमचा माणूस सापडला. हाकलला त्याला."

"माझा माणूस? आम्हाला कोणी काही सांगत नाही, सर."

"मग अकरा नावं स्वप्नात दिसतात?"

ती जरा घुटमळली. "तुम्हीच सांगता की. ज्याला बाहेर बसवायचं असतं त्याच्याशी सरावात तुम्ही फार गोड बोलता. पाठ थोपटता, घरच्यांची विचारपूस करता. खेळणाऱ्यांना मात्र शिव्या. काल दोन्ही विंगरशी गोड बोललात आणि तिन्ही सेंटर बॅकना झापलंत. मग मागे तीनच ना?"

प्रशिक्षकाने बाहेर पाहिलं. काचेपलीकडे मेहुणा टॅक्सीत बॅग टाकत होता. तो दाराकडे धावला, पण टॅक्सी निघून गेली होती.

"त्यांना काढल्याची बातमी देऊ ना आता?" मागून तिने विचारलं. "कालच लिहून ठेवलीय."

"काल कशी? मी आज सकाळी ठरवलं. रचना फुटल्यावर."

"नाही, सर," ती म्हणाली. "काल मैदानावर तुम्ही त्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत होतात."