शेरीफच्या स्वयंपाकघरातली झडप

आमच्या काउंटीचा जुना तुरुंग आता संग्रहालय झालाय. शेरीफचं घर आणि कोठड्या एकाच छपराखाली होत्या. माझे सासरे इथे राहिलेले शेवटचे शेरीफ. सासूबाई कैद्यांसाठी रांधायच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या लोखंडी झडपेतून ताटं आत सरकवायच्या. ताटात फक्त चमचा. काटा कधीच नाही. त्याचं ते काय करतील सांगता येत नाही, म्हणायच्या.

कोठड्या केव्हाच पाडल्या. झडपेमागे आता विटा आहेत आणि विटांपलीकडे गाड्या उभ्या राहतात.

तरी या रविवारी भर दुपारी, संग्रहालयाच्या समारंभात सगळे केक खात असताना, झडप आतून वाजली. मग पुन्हा वाजली.

“वहिनी, तुमचे पाहुणे उपाशी दिसतायत,” माझा दीर वॉरन सगळ्यांदेखत म्हणाला. इतिहास मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून त्याच्या जिभेला हाड नाही.

“पाहुणे तुमच्या आईचे, भावजी. तुम्हीच वाढा.”

लोक हसले. त्याला ते झोंबलं. त्याने स्वतःची अर्धवट खाल्लेल्या केकची बशी काट्यासकट झडपेआड ठेवली आणि झडप धाडकन आपटली. “घ्या मेल्यांनो, गिळा!”

वाजणं थांबलं. वॉरनने ऐटीत झडप उघडून दाखवली. केक होता तसाच होता. विटाही तशाच.

“काटा कुठाय?” मी विचारलं.

त्याने बशी उचलून खाली पाहिलं. तिथेही काटा नव्हता.

भिंतीच्या आत कुणीतरी, अजिबात घाई न करता, विटांमधला चुना खरवडत होतं.