करड्याची झोप

"बेचाळीस वर्षांचा घोडा, आणि हातात खुळखुळे! तेही एक पुरत नाही म्हणून दोन!"

साडेअकरा वाजले होते. रोज याच सुमाराला आईच्या जिभेला धार चढायची. मुलगा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर दोन यंत्रं, एक काळं, एक करडं. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. हातात धरून गेम खेळायचे कॉम्प्युटर.

"आई, हे काम आहे माझं."

"काम? काम तुझा बाप करायचा. संध्याकाळी सदरा पिळला तर बादली भरायची. तुझ्या अंगठ्याला तरी घाम येतो का?"

पण ते कामच होतं. आधीच्या मासिकात त्याचा एक आकडा चुकला, तसाच छापून आला, आणि नोकरी गेली. सात महिने घर सुनेच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, पगारावर चाललं होतं. आता दुसऱ्या मासिकाच्या संपादिकेने एक संधी दिली होती. दोन्ही यंत्रं तीन आठवडे वापरायची, तुलना लिहायची, लेख शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचा. जमलं तर नोकरी पक्की.

"आकडे चोख हवेत," बाई म्हणाल्या होत्या. "तुम्हाला वेगळं सांगायला नको."

ते ऐकून तो खाली मान घालून आला होता.

आतून दोन्ही यंत्रं जवळजवळ सारखीच. फरक होता तो ऑपरेटिंग सिस्टीमचा. काळ्यात होती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असते तसली. तिच्यावर कुठलाही गेम चालायचा, पण आधी पासवर्ड, मग सूचना, मग अपडेट. करड्यातली खास गेमसाठी केलेली. काही गेम तिच्यावर चालायचेच नाहीत, पण बटण दाबलं की सरळ चित्रं समोर. त्यात पूल बांधायचा एक गेम फुकट आला होता. पोरकट म्हणून त्याने तो उघडलाही नव्हता.

पहिल्या दिवशी त्याने दोन्ही आईला दाखवली. आई दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून लावून वाचायची, तेही कोणी बघत नसताना. तिने कमरेवर हात ठेवून दोन्ही पडदे पाहिले.

"हे काळं कारकून आहे मेलं. नाव सांगा, कागद दाखवा, उद्या या. त्यापेक्षा करडं बरं. दार तरी उघडतं." मग तिला आपला बाणा आठवला. "पण पोरखेळ तो पोरखेळच!"

कारकुनाचं वाक्य त्याने लेखात जसंच्या तसं घातलं.

आईच्या तोंडापुढे लिहिणं काही जमेना. म्हणून तो बाराच्या ठोक्याला वाचनालयात जायला निघायचा आणि चारला परतायचा. जाताना दोन्ही यंत्रं पूर्ण चार्ज करून, बंद न करता नुसती झोपवून, खणात ठेवायचा. झोपेत बॅटरी किती उतरते, तेही मोजायचं होतं. चांगलं यंत्र झोपेत फार तर दोन-तीन टक्केच खातं.

काळं रोज सत्त्याण्णववर असायचं. करडं पहिल्या दिवशी बासष्ट. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. तिसऱ्या दिवशी एकसष्ट.

रविवारी वाचनालय बंद. तो दिवसभर घरी होता. करडं नव्याण्णव.

सोमवारी पुन्हा साठ.

"हे झोपेत चालतं की काय?" जेवताना तो बायकोला म्हणाला. "मनात आलं तर शहाण्यासारखं वागतं, नाहीतर वाट्टेल तसं गिळतं."

"बदलून मागा ना."

"आता वेळ कुठे आहे?"

"झोपू दे की त्याला," आई म्हणाली. ती अंगठ्याला बाम चोळत होती. "सारखी कसली नाडी बघतोस?"

"अंगठ्याला काय झालं, आई?" सुनेने विचारलं.

"तुमचे डबे घासून झालंय. आणखी काय व्हायचंय?"

सुनेने त्या दिवसापासून डबे स्वतः घासायला घेतले. अंगठा काही बरा झाला नाही.

शुक्रवारी सून लवकर घरी आली. पाचला दहा मिनिटं होती. लेख तयार होता. त्याने शेवटचा परिच्छेद तिला मोठ्याने वाचून दाखवला.

"'काळं कटकट करतं, पण भरवशाचं. करडं गोड बोलतं आणि झोपेत चाळीस टक्के बॅटरी खातं. हे यंत्र घेऊ नका.'"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"आणि आकडा चुकला असला तर?" सुनेने हळूच विचारलं.

"तीन आठवडे मोजलाय. आता चुकला तर मला कोणी दारातसुद्धा उभं करणार नाही." त्याचं बोट लेख पाठवायच्या बटणावर होतं.

"थांब."

आई हात पुसत बाहेर आली. तिने आधी सुनेकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मुलाकडे काही पाहिलं नाही.

"आई, पाच मिनिटं राहिलीत. शिव्या नंतर दे."

"शिव्या कुठे पळून जातायत? आकडा खोड आधी तो."

"अगं, पण का?"

आईने खण उघडला. करडं उचललं आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"काळं परत देऊन टाक. आणि हे गरीब झोपेत खातं असं लिहिलंस तर याद राख," ती म्हणाली. "तू बाराला बाहेर पडलास की मी त्याला झोपूच देत नाही. कालच चौदावा पूल बांधून झालाय माझा."