बिरुदेवाचा मोबाइल नंबर

"मालकाचं नाव?" उत्कर्षानं विचारलं.

"बिरुदेव," मायाप्पा म्हणाला.

"आडनाव?"

"देवाला कुटलं आडनाव, ताई?"

उत्कर्षाची बोटं कीबोर्डवरच थांबली. सोलापुरातल्या त्या सरकारी कार्यालयात पेढे येऊन पडले होते. जिल्ह्यातली मेंढरं नोंदवायचं सॉफ्टवेअर आज सुरू व्हायचं होतं. पहिलं मेंढरू नोंदलं, की उत्कर्षा पुण्याला जायला मोकळी. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या तिच्या कंपनीनं लग्नाची रजा त्याच अटीवर दिली होती. आणि दुधनीकडच्या मायाप्पानं नेमका देवाला सोडलेला मेंढा आणला होता. काळाभोर, वळलेल्या शिंगांचा.

"मग तुमचंच नाव टाकते."

मायाप्पानं जीभ चावली. "देवाचं माज्या नावावर? आन् देव काय झोपलाय व्हय?"

इंद्रजीत साहेब खुर्चीतून उठले. मेंढ्याच्या पाठीवर अंगठा दाबून म्हणाले, "भरलाय चांगला." मायाप्पानं दोरी जवळ ओढली. मग साहेबांनी निर्णय दिला, "उद्या बोंब होईल, की आम्ही देवाचा मेंढा माणसाच्या नावावर केला. देवासाठी वेगळी सोय करा. बारीकसं तर काम आहे."

बारीकशा कामाला सुरुवात झाली.

देवाची सोय केली, तर सॉफ्टवेअर देवाचा मोबाइल नंबर मागायला लागलं. पुजाऱ्याचा द्यावा, तर बिरुदेवाची देवळं गावोगाव. म्हणून देवळांची यादी घातली. तोवर इंद्रजीत साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, खंडोबाची मेंढरं आली तर? सगळे देव घातले. त्यांच्या मागून आलेल्या साहेबांना वारसाचा रकाना हवा होता, आणि वारस लावायचा तर मालकाच्या मृत्यूची तारीख लागायची. त्यावर मुंबईत बैठक बसली. देव मरत नाही, एवढा शेरा मिळवायला अख्खा हिवाळा गेला. दर बारीकशा कामाला निविदा निघाली. सल्लागार आले. सल्लागारांवर नजर ठेवायला आणखी सल्लागार आले. खर्च असा फुगला, की तेवढ्या पैशात जिल्ह्यातलं एकेक मेंढरू पेन्शनीवर बसवता आलं असतं.

बैठकीला मेंढा हजर लागायचा. कडबा कार्यालयाचा. बसून खाऊन तो गुबगुबीत झाला. लिफ्टनं जायला शिकला, आणि बरोबर आपल्याच मजल्यावर उतरायचा. खोटं वाटत असेल तर त्या लिफ्टमध्ये आजही वास घेऊन या. येईल तो साहेब त्याच्या पाठीवर अंगठा दाबायचा, आणि मायाप्पा दोरी जवळ ओढायचा.

उत्कर्षाचं लग्न पुन्हा पुन्हा पुढं गेलं. शेवटी होणाऱ्या नवऱ्यानं फोनवर विचारलं, "एकदा सांगून टाक. लग्न माझ्याशी करणार आहेस की त्या मेंढ्याशी?"

अखेर इंद्रजीत साहेबच बढती घेऊन परत आले, आणि तो दिवस उजाडला. उत्कर्षानं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. मालक : बिरुदेव. टाळ्या झाल्या. साहेबांनी मेंढ्याच्या अंगावर सोलापुरी चादर घातली, ती घालता घालता पाठही चाचपली.

उत्कर्षानं डोळे पुसले, बॅग भरली. निघताना सहज म्हणाली, "मायाप्पा, तुमची स्वतःची मेंढरं नाहीत का हो?"

"हायत की. अख्खा कळप हाय."

तिच्या हातातली बॅग खाली आली. "मग पहिल्या दिवशी त्यातलंच एखादं का नाही आणलं? आतापर्यंत मला लेकरू झालं असतं."

मायाप्पानं साहेबांकडं एक नजर टाकली, खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं, आणि आवाज खाली आणला.

"ताई, हापिसात गेलेलं मेंढरू कदी माघारी येतंय व्हय? देवाचं म्हटल्यावर मातर सायेबबी सुरी काढायला भितोय."